पहाटेची चढण
(निर्गम ३४:४)

मिसर देशातील सीनाय पर्वत सुमारे २,२८५ मीटर उंच आहे. तेथील सूर्योदय पाहावयास यात्रेकरू रात्रीच बेदुइन वाटाड्यामागे निघतात. उंटांची वाट संपली म्हणजे उरलेल्या सुमारे ७५० दगडी पायऱ्या ज्याच्या त्यानेच चढावयाच्या. दिव्याने शिखर दिसत नाही. पुढचे पाऊल तेवढे दिसते.

परंपरेप्रमाणे याच पर्वतावर मोशे मोठ्या पहाटेस चढला. लोकांच्या पापामुळे पहिल्या पाट्या फुटल्या होत्या. आता त्याच्या हाती दोन कोऱ्या पाट्या होत्या. त्यांवर पुन्हा लिहिण्याचे वचन देवाने दिले होते.

आपणही देवाला दिलेली वचने मोडली आहेत. तरी फुटके तुकडे कवटाळून पायथ्याशी का बसावे? कोरे अंतःकरण घेऊन आपण अंधार आहे तोच निघू या.