ज्याला पोसले, त्याला खावे काय?

पावसाळा सरला की दांडीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडणीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. इंग्रजांनी या माशाला ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचे बदक, असे नाव का दिले याविषयी अनेक कथा सांगतात. त्यांपैकी एकही मला पटलेली नाही. गेल्या वर्षी मात्र त्याच किनाऱ्यावर एका वयोवृद्ध तांडेलांपाशी बसून मी खऱ्या बदकाची गोष्ट सांगत होतो. माझा भाचा तोक्यो शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याने मला बदकाच्या रश्श्यातील ‘रामेन’ खाऊ घातले होते. तांडेलांनी सारे शांतपणे ऐकले आणि एकच विचारले : ते बदक पाळलेले होते की उडते?

प्रश्न साधा होता, पण मी गडबडलो. तांडेल म्हणाले, “मासळीला आम्ही कधी दाणा घातला नाही. ती आम्हाला ओळखत नाही, आम्ही तिला ओळखत नाही. ओळखीच्याला मारणे आम्हाला जमायचे नाही.”

नोकरीनिमित्त मी बोईसरला आलो आणि इथलाच झालो. पण माझे बालपण वसईत गेले. नाताळात बदकाचे मोईल ज्या घरांत होत असे, त्यांपैकी आमचे एक. उन्हाळ्यात कांडलेला बाटली मसाला काळ्या बाटल्यांत दडपून ठेवलेला असे. त्यातला चांगला भाग आई या एका पदार्थासाठी राखून ठेवी. बदक मात्र दोन-तीन महिने आधीच घरी येई आणि भाताच्या कोंड्यावर अंगणात वाढे. त्याला नाव ठेवायचे नाही, असा आजीचा सक्त नियम होता. 1974 साली माझ्या धाकट्या बहिणीने तो मोडला. तिने त्याचे नाव पिंट्या ठेवले. कोंड्याच्या डब्यावर वडिलांनी टिचकी मारली की पिंट्या विहिरीकडून मान पुढे काढून धावत येई. नाताळच्या आदल्या दिवशीही वडिलांनी डब्यावर टिचकी मारली, आणि तो धावत आला.

त्या दुपारविषयी पुढे सांगेन. आधी तोक्योविषयी.

ओकाचिमाची स्थानकाजवळचे ते दुकान एवढेसे होते. दारातल्या यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची आणि लाकडी फळीपाशी खांद्याला खांदा लावून बसायचे. रामेनच्या शेवया मूळच्या चिनी. 1910 साली आसाकुसा भागात ‘राईराईकेन’ हे उपाहारगृह निघाले आणि तेथून त्या जपानी शहरी माणसाच्या रोजच्या जेवणात शिरल्या. बहुतेक ठिकाणी रस्सा डुकराच्या वा कोंबडीच्या हाडांचा असतो; येथे तो बदकाचा होता. तांबूस, नितळ, वर चरबीचे सोनेरी ठिपके, मांसाचे पातळ गुलाबी काप, आणि परतलेली कांद्याची जाड पात. भाच्याने मला एक जपानी म्हण सांगितली : बदक पाठीवर कांद्याची पात घेऊन आले. ज्याला लुबाडायचे तोच सारी सामग्री घेऊन दारात उभा राहतो, त्या भोळसटाला उद्देशून ती म्हणतात. आम्ही दोघेही हसलो. मग मला डब्यावरची टिचकी ऐकू आली, आणि माझे हसू आपोआप थांबले.

जेवण्यापूर्वी जपानी माणूस हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतो. म्हणजे, मी हे नम्रतेने स्वीकारतो. आपली भोजनापूर्वीची प्रार्थना देणाऱ्या देवाकडे पाहते. या शब्दात, तेथील लोक सांगतात, ज्याचा जीव गेला त्याचेही ऋण येते. सम्राट तेम्मूने इ. स. 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. ही यादी वाचताना माझ्या लक्षात आले की, यांतील बहुतेक प्राणी माणसाच्या उंबरठ्याच्या आतले आहेत. हरीण व रानडुक्कर तीत नाहीत, बदकही नाही. त्या राजाज्ञेमागे बौद्ध धर्माची करुणा होती, शेतीची सोयही असावी. पण आमच्या तांडेलांना ती यादी ऐकवली असती तर त्यांनी मान डोलावली असती.

त्याच देशात याच्या अगदी उलट टोकाचे एक उदाहरण आहे. फुकुओका प्रांतातील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने 1988 पासून भातशेतीत बदके सोडण्यास आरंभ केला. ‘आईगामो’ या संकरित जातीची पिल्ले लावणीनंतर थोड्याच दिवसांत खाचरात सोडतात. ती तण खातात, किडे खातात, पायांनी चिखल ढवळतात, आणि त्यांची विष्ठा खत होते. औषध फवारावे लागत नाही. भाताला लोंब्या धरू लागल्या की मात्र बदकांना शेताबाहेर काढतात, कारण ती दाणेही खातील. मोठे झालेले बदक पुढच्या वर्षीच्या कोवळ्या रोपांत सोडण्याजोगे राहत नाही. मग त्याला खाऊन पिऊन पुष्ट करतात, आणि कापतात.

हे प्रथम वाचले तेव्हा मला राग आला होता. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये अशी आज्ञा आहे. येथे तर ऐन दाणा भरण्याच्या वेळी राबणाऱ्याला बाहेर काढले जाते! संत पौलाने ती आज्ञा पुढे सुवार्तिकांच्या निर्वाहासाठी वापरली आणि देवाला बैलांची काय काळजी, असा प्रश्न केला. प्रेषिताविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, बैलाला त्यांनी जरा घाईने बाजूला सारले, असे मला शेतकऱ्याचा नातू या नात्याने नेहमी वाटत आले आहे. पण आज्ञा नीट वाचली तर ती बैल मारू नये असे म्हणत नाही. तो जिवंत असेतो त्याच्याशी कसे वागावे, एवढेच ती सांगते. फुरुनोंच्या बदकाला पाणी मिळाले, ऊन मिळाले, सोबती मिळाले, आणि उन्हाळाभर त्याने पोट भरून खाल्ले. त्याची मजुरी बुडालेली नाही.

मग चुकले काय? ओळख असलेल्याला मारणे? तांडेलांचे म्हणणे मनाला भिडते, पण ते पूर्णपणे स्वीकारले तर एक विचित्र निष्कर्ष निघतो. ज्या बदकाला कोणी नाव दिले नाही, ज्याने छपराखालून आकाश पाहिले नाही, ज्याला टिचकी मारून कोणी बोलावले नाही, ते खाणे अधिक निर्दोष ठरते! तोक्योच्या त्या वाडग्यातील बदक बहुधा असेच वाढलेले असणार. उपाहारगृहांना रोज लागणारा पुरवठा भाताच्या खाचरांतून होत नाही. मी ते निःशंक मनाने खाल्ले. पिंट्याचा घास मात्र घशाखाली उतरताना अडला होता. यांतले कोणते मन अधिक जागे होते? प्राण्यांना विनाकारण वेदना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, असे 1992 सालची कॅथलिक धर्मशिकवण सांगते. अन्नासाठी त्यांचा उपयोग ती निषिद्ध मानत नाही. बाधा माणसाच्या प्रतिष्ठेला येते, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. न पाहणे ही सोय आहे. तिला निष्पापपणा समजण्याची चूक आपण सर्वच करतो. आमच्या घरी वर्षातून एकदाच बदक शिजे, आणि ते कोणी कापले, त्याचे हाडही कसे वाया गेले नाही, हे पोराबाळांना ठाऊक असे.

आता ती दुपार. मोईल वाढले गेले. बहीण ताटाला हात लावीना. वडील कठोर नव्हते, ते एवढेच म्हणाले, “खाल्ले नाहीस तर त्याचे मरण फुकट जाईल.” ती रडली नाही. नुसती बसून राहिली. वडील हात धुवायला उठले तेवढ्यात मी तिच्या ताटातले तुकडे भराभर खाऊन टाकले. मला तिला वाचवायचे होते, की सणाचे जेवण एकदाचे उरकायचे होते, हे आजही सांगता येत नाही. परत आल्यावर वडिलांनी रिकामे ताट पाहिले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शहाणी पोर म्हणून तिचे कौतुक केले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

ओकाचिमाचीच्या त्या फळीपाशी भाचा सहज म्हणाला, “मामा, आई बदक खात नाही. लहानपणी एकदाच खाल्ले, नंतर कधी इच्छा झाली नाही, असे सांगते.”

म्हणजे इतकी वर्षे तिने माझे खोटे सांभाळले होते, स्वतःच्या मुलापाशीदेखील.

“तिने खाल्ले नव्हते,” मी म्हणालो. “तिच्या वाटणीचे मी खाल्ले.”

शेजारचे लोक आपापल्या वाडग्यांत मान घालून जेवत होते. भाच्याने काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्याने माझ्या वाडग्याकडे बोट केले. तळाशी रस्सा उरला होता.

“मामा, तो ठेवू नका,” तो म्हणाला.