मौन कुठल्या तपात येतं?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १९.

यातला पंधरावा श्लोक मला कॉलेजपासून पाठ आहे. बोलणं कोणाला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, हे वाणीचं तप. पाठ होता म्हणूनच मागच्या वर्षी मी तो चुकीच्या वेळी वापरला.

रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिचा मुलगा आठ वर्षांचा, ऑटिस्टिक. स्वतःहून तो फार कमी बोलतो, पण ऐकलेली वाक्यं काही दिवसांनी जशीच्या तशी, त्याच सुरात म्हणतो. त्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी दारामागे भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि बाईंच्या सुरात म्हणायचा, "तुझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो. असाच बस."

वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून उलगडा झाला. गोंगाट वाढला की तो कान झाकतो, हात हलवायला लागतो. मग बाई त्याचे हेडफोन काढून घेतात आणि त्याला कोपऱ्यात बसवतात. आपण 'स्वमग्न' म्हणतो, पण त्याची अडचण उलटी आहे. बाहेरचा प्रत्येक आवाज त्याच्यावर एकदम आदळतो. हात हलवणं हा त्याचा सावरण्याचा मार्ग आहे, नाटक नाही.

ताई दोनदा शाळेत जाऊन आली होती. "घरी शिस्त लावा," एवढंच उत्तर मिळालं. आता तिने पोस्ट लिहिली होती, सोबत भिंतीकडे बसलेल्या मुलाचा व्हिडिओ. "टाकू का रे?"

मी लगेच श्लोक सांगितला. "नको ताई. बाईंना किती उद्वेग होईल!"

ती म्हणाली, "आणि ह्याला झाला तो कुठल्या श्लोकात बसतो?" आणि फोन ठेवला.

झोप लागली नाही. गीता काढली आणि पुढचे श्लोकही वाचले. एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा दिसली: वाणीच्या तपात मौन नाहीच. ते पुढच्या श्लोकात आहे, मनाच्या तपात, प्रसन्नता आणि सौम्यपणाच्या शेजारी. म्हणजे मन शांत करायला मौन. दुसऱ्यावर अन्याय होताना तोंड बंद ठेवायला नव्हे. माझं 'नको' तर तपही नव्हतं. नातेवाईक काय म्हणतील, ताईच्या अकाउंटवर भांडणं होतील, याची ती भीती होती. तिला मी श्लोकाचे कपडे घातले.

मग पोस्ट करणं आपोआप योग्य ठरतं का? नाही. पुढे गीता तपाचे तीन प्रकार सांगते. मान मिळावा, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेलं तप राजस. दुसऱ्याचा नाश व्हावा म्हणून केलेलं तामस. फळाची हाव न धरता श्रद्धेने केलेलं सात्त्विक. पोस्ट लिहिताना हे तिन्ही हेतू एकाच बोटात असतात. लाइक हवेत, बाईंना धडा शिकवायचाय, आणि मुलाला वाचवायचंय. तिसरा हेतू पुढे ठेवला की काय टाकायचं आणि काय नाही, हे बरंच ठरतं.

सकाळी ताईची माफी मागितली. दोघांनी बसून आधी शाळेला लेखी तक्रार दिली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये मारण्याइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे, आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझम स्पष्टपणे आहे. दोन्ही लिहिलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग ताईने पोस्ट टाकली. व्हिडिओ काढून टाकला, कारण ते त्याचं दुःख होतं आणि ते जगाला दाखवायची परवानगी तो देऊ शकत नव्हता. मुलाचं नाव नाही, बाईंचंही नाही. काय झालं आणि काय बदलायला हवं, एवढंच.

"नाव सांगा, बघून घेतो," असं कित्येकांनी लिहिलं. ताईने सांगितलं नाही. "मुलांचं भांडवल करताय," असंही एकाने लिहिलं. त्या रात्री ती खूप रडली. पण तशाच घरांतल्या चार आयांनी तिला मेसेज केले, आणि दोन दिवसांत शाळेने बोलावलं. बाई समोर होत्या. वर्गात बावन्न मुलं, विशेष शिक्षक नाही, ऑटिझमबद्दल कधी कोणी शिकवलेलं नाही. यातलं काहीच हेडफोन हिसकावण्याचं समर्थन नाही. तरी ताई म्हणाली, बरं झालं नाव टाकलं नाही.

हेडफोन परत मिळाले. तो मात्र अजूनही एखाद्या संध्याकाळी दारामागे जातो. ताई शेजारी जाऊन बसते. हल्ली मीही बसतो. तिथे मौन चालतं.

आजचा अभ्यास: कोणालाही "गप्प राहा" असं सुचवण्याआधी, शांतता नक्की कोणाची राखायची आहे, हे स्वतःला विचारायचं.

राम कृष्ण हरी.