खलभूमिका आणि नटीचें शील

‘आम्ही येरवड्यास राहतों,’ असें पुण्याच्या पेठांतून सांगितलें कीं ऐकणाराच्या ओठांवर किंचित् हसूं उमटतें. तुरुंग व वेड्यांचें रुग्णालय यांनीं गांवाच्या नांवास चिकटविलेला अर्थ टिळक-आगरकरांच्या डेक्कन कॉलेजासही पुसतां आला नाहीं. एकदां भूमिका मिळाली कीं लोक तिच्यापलीकडे पाहत नाहींत. हाच न्याय समाजानें कै. ललिता पवार यांस लावला. तो कितपत नीतीचा, हें पाहणें अवश्य आहे.

येवल्यास १९१६ सालीं जन्मलेल्या या बाई मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या. १९४२ सालीं एका चित्रीकरणांत सहनटाची थप्पड खरोखरीच जोरानें बसली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची वाट खुंटली. पण त्या व्यंगालाच त्यांनीं आपलें साधन केलें. ‘रामशास्त्री’ (१९४४) मधील आनंदीबाई, अनेक बोलपटांतील छळवादी सासू आणि १९८७ सालीं दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेंतील मंथरा, या साऱ्यांवर प्रेक्षकांनीं बोटें मोडलीं.

दुष्टपणा इतका हुबेहूब वठविणारीच्या मनांत त्याचा अंश असलाच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तो असतोच; परंतु तितकाच तो वाचकांत आणि आमच्यांतही असतो. भेद इतकाच कीं आपण तो स्वतःपासून लपवितों. नटी त्याकडे धीटपणें पाहते व आपल्यापुढें धरते. जो मत्सर ओळखतांच येत नाहीं, तो आवरणार कसा?

शिवाय ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा आठवावी. वरून करडी, आंतून मायाळू अशी ती घरमालकीण. चेहरा तोच, डोळाही तोच. पण येथें प्रेक्षक डोळे पुसतात. त्या कामाबद्दल बाईंस फिल्मफेअर पारितोषिकही मिळालें. तेव्हां दुष्टपणा त्या डोळ्यांत नव्हता हें उघड आहे.

आम्ही विद्यार्थी असतांना एका रविवारीं सकाळीं मंथरेस पाहून आमची आई उद्गारली, “मेली मुळांतच दुष्ट दिसते!” त्याच दिवशीं जेवतांना, भाजींत मीठ अधिक पडल्याचें निमित्त होऊन, ती वहिनीस नाहीं नाहीं तें बोलली. वहिनी मान खालीं घालून वाढीत राहिली. आम्ही दोन्ही ऐकलें आणि मुकाट्यानें जेवलों.

ललिताबाई १९९८ सालीं पुण्यांतच निवर्तल्या. त्यांनीं दाखविलेली मंथरा आम्हांस पडद्यावर ताबडतोब ओळखूं आली. पानावर बसल्यावर मात्र ओळखूं आली नाहीं. ही चूक त्यांच्या कलेची खास नव्हे.