संशयाचा फायदा कोणाला?

पंगतीत प्रत्येकाच्या पानात सारखेच वाढले, म्हणजे न्याय झाला काय? बेल्लमपल्लीसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावी हा प्रश्न सहज सुचतो. खाणीतून वर आलेला कामगार आणि देवळाच्या ओवरीत बसलेला वृद्ध यांची भूक एक नव्हे. आणि दोघांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी एकाचीही नसते.

या प्रश्नावर पुण्याच्या विद्वानांत मोठा वाद झाला. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई रोजचे २२५० उष्मांक हा आधार धरून दारिद्र्याची मर्यादा आखली. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, गरज माणसागणिक बदलते. इतकेच नव्हे, तर एकाच निरोगी माणसाच्या ठायी ती दिवसागणिकही कमीजास्त होते. म्हणून सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलनांहूनही ज्याचा आहार कमी, त्यालाच कुपोषित म्हणावे. अर्थात वाद होता तो विचलनाचा: आहारात दिसणारा फरक किती अंशी शरीरधर्माचा आणि किती अंशी अभावाचा?

येथे कायद्याचा एक विवेक उपयोगी पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने गोष्टीच्या तीन अवस्था मानल्या: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेली. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या अधिनियमानेही त्या कायम ठेवल्या. दोन गटांच्या विचलनांत भेद शाबीत झाला नाही, एवढ्यावरून ती समान असल्याचे शाबीत होत नाही. संख्याशास्त्राच्या रूढ कसोट्या वापरताना नेमका याचाच विसर पडतो.

थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झालेल्या निबंधातून निघालेली विचारपद्धती दोन्ही पक्ष तराजूत घालते. हाती आलेला पुरावा कोणत्या पक्षी अधिक संभवनीय, असे ती विचारते. समानतेच्या पक्षी तो तिप्पट संभवनीय असेल, तर आरंभी समसमान असलेला विश्वास तीनास एक होतो. पुरावा तोकडा असेल तर काटा जेमतेम हलतो, आणि ही पद्धती तसे स्पष्ट सांगते.

परंतु तराजू संभव सांगतो. कर्तव्य सांगत नाही. तृप्ताला पुन्हा वाढणे ही एक चूक. भुकेल्याला पानावरून उठविणे ही दुसरी. दोहोंचे वजन सारखे नव्हे. निरपराध्याला शिक्षा होणे अधिक वाईट, म्हणून फौजदारी न्यायालय संशयाचा फायदा आरोपीला देते. अन्नाच्या न्यायात तो फायदा भुकेल्याचाच होय.