शिट्टी आणि खराटा

माणसाच्या भल्यासाठी त्याला चारचौघांत लाजवावे का? हा प्रश्न जितका आरोग्य खात्याचा, तितकाच धर्माचा आहे. उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना तो मला सतत पडत आला.

हागणदारीमुक्तीसाठी गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथके’ निघाली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्याला अडवायचे, शिट्टी फुंकायची, हातात गुलाबाचे फूल द्यायचे, कधी फोटोही काढायचा. पथकाची चाहूल लागली की म्हाताऱ्या बायका गुडघ्यांवर हात टेकत कशाबशा उभ्या राहत. त्यांतल्या काहींच्या घरी संडास होता, पण त्यात गोवऱ्या रचलेल्या, कारण ओतायला पाणीच नव्हते.

रोगाची नुसती माहिती देऊन सवय सुटत नाही, मनाला कुठेतरी भिडावे लागते, हे मला मान्य आहे. आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत संशोधकांनी हात धुण्याच्या सवयीसाठी ‘सुपरअम्मा’ मोहीम राबवली. तिचा भर जंतूंच्या माहितीवर नव्हता. मुलाला चांगले वळण लावणारी आई आणि घाणीची किळस, यांवर होता. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर गरजेच्या वेळी साबणाने हात धुण्याचे प्रमाण मोहिमेच्या गावांत 37 टक्के होते, इतर गावांत 6 टक्के. त्या आयांना कुणी खाली बघायला लावले नव्हते.

बांगलादेशात राजशाही भागात ग्रामस्वच्छतेचे काम करणाऱ्या कमल कर यांनी 1999-2000च्या सुमारास गावकऱ्यांनाच जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावला. कोण कुठे बसतो, ती घाण अन्नापर्यंत कशी पोचते, हे त्यांनी स्वतः मांडले. स्वतः पाहून आलेली किळस माणसाला उठवते. बाहेरच्याने लादलेली लाज त्याला फक्त आणखी लांबच्या शेतात पाठवते.

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन. त्यात ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून येई. त्यांचे बोलणे झोंबायचे, पण बोलणाऱ्याचे हात त्याच घाणीत बरबटलेले असत. बोलण्याचा अधिकार त्यांनी असा कमावला होता. सरकारने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. नावासोबत आधी खराटा, मग बोलणे हा क्रमही घ्यायला हवा होता.

उपाय लागू पडतो की नाही, हे संशोधन सांगते. तो वापरण्याचा आपल्याला हक्क आहे का, हे ठरवायला आणखी एक कसोटी लागते: सवय बदललेला माणूस आपल्यासमोर ताठ मानेने उभा राहू शकतो का? राहू शकत नसेल, तर आपण त्याच्या आतड्यांचे रक्षण केले आणि त्याच्यातला देव दुखावला. म्हणून दारात पाण्याची सोय करायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी त्या दारातल्या बाईवर शिट्टी फुंकू नये.