बसायचा पगार

वाकडच्या त्या साइटवर आगीचा प्लॅन होता, नाही असं नाही. ऑफिसच्या कपाटात, निळ्या फाइलमध्ये, इंग्रजीत, सही-शिक्क्यासकट. त्यात दोन जिने होते, मजल्या-मजल्यावर होजचे रीळ होते, स्प्रिंकलर होते, आगीला तास-दोन तास दाद न देणारे दरवाजे होते. नव्या सेफ्टी मॅडमनी रुजू झाल्या दिवशी फाइल वाचली आणि मुकादमाला म्हणाल्या, "चला, दुसरा जिना दाखवा."

दुसऱ्या जिन्यात सेंट्रिंगच्या प्लेटा आणि प्लायवूड छातीएवढं रचलेलं. रीळ यायचे होते, दरवाजे यायचे होते, डक्ट तळापासून वरपर्यंत उघडे. पाण्याचा उभा पाइप तिसऱ्या पोडियमला थांबलेला आणि बांधकाम बाराव्या स्लॅबवर. फाइल ज्या इमारतीची होती ती अजून दोन वर्षांनी उभी राहायची होती. आग काही ताबा मिळेपर्यंत दम धरत नाही.

मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि आज जी इमारत उभी आहे तिचा प्लॅन करायला घेतला. जिना मोकळा झाला. स्लॅब चढेल तसा पाइप चढवायचा असं ठरलं. जिन्याखाली आडवे पडलेले ॲसिटिलीनचे सिलिंडर बाहेर, उभे, साखळीने बांधून ठेवले. वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडर, यांतलं काहीही करायचं तर सकाळी परवानगीचा कागद घ्यायचा आणि आधी खालचा मजला बघून यायचं. हे सगळं कुरकुरत का होईना, पार पडलं. अडलं ते एका गोष्टीपाशी. वेल्डिंग संपल्यावर तासभर एका माणसाने तिथे नुसतं बसायचं होतं.

"बसायचा पगार?" ठेकेदार शेठ म्हणाले. "मग मीच बसतो की!"

"शेठ, ठिणगी पस्तीस-पस्तीस फूट उडते. गोणपाटात शिरली तर अर्धा-पाऊण तास आत धुमसते, दिसत नाही. वेल्डर तोवर हातपाय धुऊन खोलीवर गेलेला असतो."

माणूस मिळाला तो बिगारी मामा. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, घमेलं घेऊन जिना चढणं होत नव्हतं. मॅडमनी त्यांना बादली, वाळू, पावडरचा लाल सिलिंडर, सगळं समजावलं. आधी गेटवर फोन, मग बादली, हेही दोनदा सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोनवर सांगू काय?"

"काय म्हणजे? आठव्यावर धूर आहे, असं."

"कुठल्या आठव्यावर?"

मॅडम थबकल्या. सेंट्रिंगवाले स्लॅब मोजतात. खाली तीन पोडियम असल्यामुळे त्यांचा आठवा स्लॅब हा ऑफिसच्या नकाशात पाचवा मजला. मामांनी आठवा म्हटलं असतं तर गेटवरून माणसं नकाशातल्या आठव्यावर, म्हणजे तीन मजले जास्त चढून गेली असती. फाइलमध्ये हे कुठेच नव्हतं, आणि असणार तरी कसं? फाइल लिहिणाऱ्याने मामांना विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सभेत मॅडमनी पॅरिसची गोष्ट सांगितली. १५ एप्रिल २०१९. नोत्र-दामच्या जुन्या चर्चचं दुरुस्तीचं काम चालू होतं. संध्याकाळी धोक्याची घंटा वाजली, वेळेवर वाजली. पण निरोप नीट पोचला नाही आणि रखवालदार शेजारच्या इमारतीचा माळा बघून आला. तिथे आग नव्हती. ती मुख्य छपरातल्या शेकडो वर्षांच्या ओक लाकडात होती. चूक कळेपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला, आणि पुढे छप्पर गेलं, मनोरा गेला. घंटा कशी वाजते ते ठाऊक असणारे तिथेही होतेच.

मग नंबर लिहायला घेतले. मजुरांची मोजणी चुकीची आहे, नकाशाची शिका, असं सांगणं सोपं होतं. मॅडमनी उलटं केलं. मजूर ज्याला आठवा म्हणतात तोच आठवा. दोन्ही जिन्यांत, प्रत्येक वळणावर, लाल रंगात, हातभर उंच आकडे. गेटवरच्या फळ्यावरही तेच, त्याखाली १०१.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची संध्याकाळ. नवव्या स्लॅबवर डक्टमध्ये पाइपचे ब्रॅकेट वेल्ड करून वेल्डर उतरला. मामा मात्र आठव्यावर बसले होते. वरून काय, खालीच पडणार, हा त्यांचा हिशोब. सकाळी तिथली जागा साफ होती, पण दुपारी टेम्पो आला आणि कुणीतरी थर्मोकोलच्या शिटा डक्टच्या तोंडाशी टेकवून, वर रिकामी गोणपाटं टाकून गेलं होतं. साइट अशीच असते, सकाळची तपासणी दुपारी शिळी होते. मामांनी शिटा ओढायला घेतल्या, गुडघ्यांमुळे निम्म्याच हलल्या. चाळीसेक मिनिटांनी वास आला. आधी फोन, मग बादली. गेटवरची तीन पोरं धापा टाकत थेट आठव्यावर आली तेव्हा मामा उरलेलं पाणी ओतत होते.

सकाळी शेठ बघायला आले. काळा डाग भाकरीच्या तव्याएवढा. "एवढंच? हे तर पायानं विझलं असतं." आणि महिन्याच्या बिलातली मामांची ओळ त्यांनी खोडली.

सोमवारी अकराव्यावर वेल्डिंग होतं. वेल्डरने होल्डर हातात घेतला, डक्टमधून खाली वाकून बघितलं आणि होल्डर ठेवून दिला. "खाली कोण बसलंय?" कुणीच नव्हतं. तो विडी न पेटवता कानावर ठेवून बसून राहिला. त्याच्यामागे प्लंबर थांबले, प्लंबरमागे गवंडी. मुकादमाने शेठना फोन लावला, "शेठ, एकाचा पगार वाचलाय, पण अकरा जण बसलेत."

शेठ हिशोबाला पक्के. पलीकडून एवढंच आलं, "मामाला बोलव."