नंबर जुळतात का?

जुन्या अमेरिकन मसल कारच्या विक्रीच्या जाहिरातीत ताकदीबद्दल फार तर एखादं वाक्य असतं. ही गाडी जन्मली निव्वळ ताकदीसाठी, पण जाहिरातीतला उरलेला मजकूर सगळा पुराव्यांचा. 1970 सालची शेव्हरोले शेव्हेल एसएस 454 विकायला निघाली की विकणारा लिहितो: बॉडी फ्रेमवरून उतरवून केलेलं रिस्टोरेशन, इंजिनावरचे नंबर गाडीशी जुळणारे, मागच्या एक्सलवरची तारीख बरोबर, मूळ बिल्ड शीट सोबत. गाडी किती पळते हे विचारणारं गिऱ्हाईक इथे नवखं समजावं. जाणकार विचारतो ती कोण आहे, आणि ते सिद्ध कसं होतं. माझ्या मते या बाजारात विकली जाते ती साक्ष. तिच्याबरोबर गाडी मिळते.

हे असं का झालं ते कळायला या गाड्या मुळात किती सामान्य होत्या ते पाहावं लागतं. मसल कारची कृती अशी, की मध्यम आकाराची घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात थोराड गाडीचं इंजिन बसवायचं. 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून हे घराणं सुरू झालं असं मानतात. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मध्यम गाडीला 330 घनइंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी पळवाट शोधली. नवं मॉडेल जाहीरच केलं नाही. टेम्पेस्ट लमान्स या साध्यासुध्या गाडीवर 389 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं, इंजिन एक ऑप्शन म्हणून ठेवलं. ऑप्शनला वरून वेगळी मंजुरी लागत नसे. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या गेल्या, आणि मग वरिष्ठांनाही तो नियम फारसा आठवेना. 1968 च्या प्लिमथ रोडरनरने तर स्वस्ताईचंच भांडवल केलं. आत गालिच्याऐवजी रबरी मॅट, पुढे एकच सलग बाकडं, पण बॉनेटखाली 383 घनइंच, आणि कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा बीप-बीप करणारा हॉर्न. त्या पक्ष्याच्या हक्कांसाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सना 50,000 डॉलर मोजले होते. गालिचा वाचवून पक्षी विकत घेणारी ही माणसं गिऱ्हाईक बरोबर ओळखून होती.

डेलोरियन यांची ती पळवाट लक्षात ठेवावी. पुढची सगळी गंमत तिच्यातच आहे.

1970 हा या प्रकाराचा कळस. जनरल मोटर्सने इंजिनाच्या आकारावरची मर्यादा त्या वर्षी उठवली आणि शेव्हेलला 454 घनइंचांचं, 7.4 लिटरचं इंजिन मिळालं. त्यातही दोन प्रती होत्या: एलएस5 ही 360 अश्वशक्तीची आणि एलएस6 ही 450 ची. हे आकडे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असलं ओझं न लावता मोजलेले, तेव्हा आजच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नये. लगेच उतारही लागला. 1971 मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून कॉम्प्रेशन खाली आलं. विमा कंपन्या तरुण मालकांकडून जबर हप्ते घेऊ लागल्या. 1970 चा स्वच्छ हवा कायदा होताच, आणि 1973 च्या तेलसंकटाने उरलासुरला उत्साह संपवला. पुढची दहा-बारा वर्षं या गाड्या तिसऱ्या-चौथ्या हाताचे खटारे म्हणून फिरल्या. सिग्नलवरच्या शर्यतींत इंजिनं फुटली, त्यांच्या जागी भंगारातून मिळेल ते बसलं. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रे खालून खाल्ले. कोणी जपलं नाही, कारण जपण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं. सतरा वर्षांचे असताना ज्यांना ही गाडी परवडली नव्हती त्यांच्या हाती पुढे पैसा आला, तेव्हा मूळ इंजिनासह धड उरलेल्या गाड्या थोड्याच होत्या.

इथे ती पळवाट आडवी येते. एसएस हे 1970 च्या शेव्हेलचं वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन होता. त्या काळच्या गाडीचा ओळख क्रमांक काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर असतो. शेव्हेल मलिबू व्ही8 कूपेचा क्रमांक 13637 ने सुरू होतो, पुढे वर्षाचा 0, मग कारखान्याचं अक्षर, बाल्टिमोरचं बी, कॅन्सस सिटीचं के, आणि शेवटी अनुक्रमांक. शाळामास्तराने घेतलेली 307 घनइंचांची सोशिक मलिबू आणि 450 अश्वशक्तीची एलएस6, दोघींचा क्रमांक याच आकड्यांनी सुरू होतो. क्रिस्लरच्या गाड्यांचं बरं असतं. त्यांच्या क्रमांकात पाचवं अक्षर इंजिनाचं. 1970 च्या प्लिमथ किंवा डॉजवर तिथे आर असला तर ती कारखान्यातूनच 426 घनइंचांचं हेमी इंजिन घेऊन निघाली. शेव्हेलचा क्रमांक याबाबत मुका आहे. आणि एसएसचे बिल्ले, बॉनेटवरचे पट्टे, गोल मीटरांचा डॅशबोर्ड, बॉनेटच्या मागच्या कडेला हवेसाठी उघडणारी झडप, सगळं नवं कोरं बाजारात मिळतं. साध्या मलिबूला एसएस करायला हुशार गॅरेजला एक हिवाळा पुरतो.

मग खरी कोणती? उत्तर इंजिनाच्या ब्लॉकवर आहे. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडपुढे एक छोटीशी सपाट जागा असते. तिच्यावर कारखान्यात दोन ठसे मारत. एकात इंजिन कुठे आणि कधी जुळवलं ते आणि प्रकाराचा सांकेतिक शब्द: सुरुवातीचा टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, मग महिना आणि दिवस, मग तीन अक्षरं. सीआरव्ही असेल तर मॅन्युअल गिअरची एलएस6, सीआरआर असेल तर ऑटोमॅटिक. दुसऱ्या ठशात गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग. तो डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळला की नंबर जुळले. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्यायचे, तिथे चोरीची गाडी ओळखणं एवढाच हेतू. इथे त्या चार बोटं रुंदीच्या जागेवर गाडीची निम्मी किंमत उभी असते. नव्या गाडीवर एलएस6 साठी एलएस5 पेक्षा अडीचशे-तीनशे डॉलर जास्त पडत. आज कागद आणि ठसे असलेली एलएस6 लाख डॉलरच्या वर जाते, आणि तितकीच देखणी, तितकीच जोरदार नक्कल तिच्या निम्म्यालाही जात नाही.

जिथे एवढा फरक, तिथे ठसा मारणाराही आलाच. जुने ठसे घासून नवे मारलेली इंजिनं या बाजारात पुष्कळ फिरतात. म्हणून जाणकार अक्षरांआधी त्यांच्याखालचा धातू बघतो. कारखान्यात ब्लॉकचा माथा एका लांब दातेरी हत्याराने एका ओढीत तासला जाई, त्याच्या बारीक समांतर रेघा मागे राहतात. रेघा नाहीत आणि अक्षरं मात्र ठळक, म्हणजे काहीतरी गडबड. पण यातही एक अन्याय आहे. प्रामाणिक मेकॅनिकने सत्तरच्या दशकात इंजिन खोलून ब्लॉकचा माथा सपाट केला असेल, तर रेघा आणि ठसे दोन्ही गेले. गाडी खरी, पण ती खरी आहे हे सांगायला कोणी उरलं नाही. लबाड आणि काळजीवाहू, दोघांच्या हातून एकच पुरावा पुसला जातो.

उरतो कागद. पॉन्टिॲकच्या बिलांच्या नोंदी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे मिळतात; जीटीओ सुरुवातीची दोन वर्षं ऑप्शनच होती, त्यामुळे तिचा सगळा भरवसा या नोंदींवर. फोर्डच्या 1967 पासूनच्या गाड्यांचा तपशील मार्टी रिपोर्टमध्ये मिळतो. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंसाठी असं दप्तर नाही. कॅनडात विकलेली असेल तर जनरल मोटर्स ऑफ कॅनडाकडून कागद येतो, बाकीच्यांनी नशिबावर हवाला ठेवावा. ते नशीब म्हणजे बिल्ड शीट: जुळणीच्या रांगेत कामगारांना कोणता भाग लावायचा हे सांगणारा छापील कागद. काम झालं की कामगार तो पेट्रोलच्या टाकीवर, सीटच्या स्प्रिंगांत, कुठेही खोचून देत. कधीकधी शेजारच्या गाडीचाच कागद हिच्यात जाई. पन्नास वर्षांनी सीट उसवताना तो तेलकट, उंदरांनी कुरतडलेला कागद हाती लागतो आणि गाडीची किंमत बदलते. दुसरा दस्तऐवज वॉरंटीच्या पुस्तकात चिकटवलेली धातूची पट्टी. ती हरवायला एक घरबदल पुरे.

आता रिस्टोरेशनकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. नीट काम करायचं तर बॉडी फ्रेमवरून उचलतात, फिरत्या सांगाड्यावर चढवतात, वाळूसारख्या कणांचा मारा करून उघडा पत्रा दिसेपर्यंत सगळं सोलतात. आतापर्यंतच्या मालकांनी लांबी भरून झाकलेली पापं तेव्हा उघडी पडतात. सडलेली तळजमीन आणि मागचे पत्रे कापून नवे जोडतात. हे पत्रे आज बनतात. काही मॉडेलांच्या, उदाहरणार्थ 1967 ते 69 च्या कमॅरोच्या, तर अख्ख्या बॉडी तैवानमध्ये घडवून अमेरिकेत विकल्या जातात. मग रंग. शेव्हरोलेचा मूळ रंग ॲक्रिलिक लॅकर, घाईत मारलेला, कुठे पातळ, कुठे कोरडा. आजचा दोन थरांचा रंग त्याहून कितीतरी सरस. दारांच्या फटी मूळच्या वेड्यावाकड्या, आता एकसारख्या. म्हणजे गाडी पूर्वी कधीही नव्हती इतकी चांगली झाली. आणि तेवढ्यासाठीच प्रदर्शनात तिचे गुण कापले जातात, कारण परीक्षकाला हवी आहे ती 1970 सालच्या एका मंगळवारी बाल्टिमोरच्या फाटकातून बाहेर पडलेली गाडी, उणिवांसकट. म्हणून वरच्या दर्जाचे कारागीर आधी ठीक करतात आणि मग मोजून बिघडवतात. फ्रेमवर कारखान्यासारखे ओघळ सोडतात. तपासनिसाने खडूने मारलेली खूण पुन्हा त्याच जागी, तशाच बेफिकीर हाताने काढतात. शिकागोजवळ रोझमाँटला दर नोव्हेंबरात भरणाऱ्या मसल कारच्या मेळाव्यात या खुणा पाहायला लोक गाडीखाली वाकतात. एका कामगाराची घाई आज दुसऱ्या कारागिराची साधना झाली आहे. मला यात थोडं हसू येतं आणि बराच आदर वाटतो.

पेच असा की रिस्टोरेशन जितकं पूर्ण, तितकी गाडी स्वतःबद्दल काही सांगायची थांबते. सोलून काढलेल्या रंगाबरोबर साक्षीदारही गेला. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा आपण काय केलं हे सालासकट लिहून ठेवलं आणि पुढच्यांना त्यात ओवी न घालण्याची ताकीदही दिली. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आणि हेतू दुरुस्तीबरोबर राहिले, म्हणून ती प्रत विश्वासाची ठरली. गाड्यांच्या बाजारातही चांगला कारागीर प्रत्येक टप्प्याचे फोटो काढतो: गंज कुठे होता, कोणता पत्रा बदलला, रंगाखाली कोणता रंग निघाला, घासण्याआधी ठशाची जागा कशी दिसत होती. जाहिरातीत चकाकत्या गाडीचे साठ फोटो आणि सोललेल्या गाडीचा एकही नाही, असं दिसलं तर मी पुढे वाचत नाही.

म्हणूनच अजिबात हात न लावलेली गाडी सगळ्यांच्या वर जाते. 1968 च्या बुलिट चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग एका कुटुंबाने 1974 मध्ये 6,000 डॉलरला घेतली आणि घरकामाला वापरली. मॅक्वीनने 1977 मध्ये पत्र पाठवून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथल्या मेकम लिलावात ती 34 लाख डॉलरला गेली. कमिशनसह 37 लाख 40 हजार. रंग उडालेला, पत्र्यावर पोचे, आणि खाली चित्रीकरणासाठी वेल्ड केलेले कॅमेऱ्याचे आधार तसेच. कोणी प्रेमाने ती नवी केली असती तर ते आधार पहिल्या दिवशी कापले गेले असते, आणि मग ही तीच हिरवी मस्टँग आहे हे सिद्ध करायला किती वकील लागले असते कोण जाणे.

चालवायचीच असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून सरळ नक्कल घ्यावी, विकणाऱ्याने ती नक्कल आहे असं पहिल्या ओळीत लिहिलं असेल तर. तिच्यात नवे ब्रेक घाला, आजच्या पेट्रोलला झेपेल असं इंजिन घाला, कोणी रडणार नाही. खऱ्या एलएस6 चं कॉम्प्रेशन 11.25 ला 1. ते शिसं घातलेल्या उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी होतं, पंपावरच्या आजच्या पेट्रोलवर ते कुरकुरतं. ते इंजिन फुटलं तर त्या ओतीव लोखंडाबरोबर ठसाही गेला. म्हणून बरेच मालक जुळणाऱ्या नंबरचं इंजिन काढून गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर झाकून ठेवतात, गाडी दुसऱ्याच इंजिनावर फिरवतात, आणि विकताना लिहितात: मूळ इंजिन सोबत मिळेल. ज्यांचं आधीच हरवलं ते वर्षानुवर्षं तो एक अनुक्रमांक शोधत असतात. एखाद्या गोदामात तो ब्लॉक सापडतो, कनेक्टिंग रॉडने बाजूला मुठीएवढं भोक पाडलेला. मालक तोही घेतो, आणि भोक बुजवायला वेल्डर शोधायला लागतो.